सेगोचा वाटा

मुलांनो, मनातल्या मनात एक झाड उभं करा. दोघांच्या कवेतही न मावणारं, बुंध्यात पुरुषभर उंचीवर ढोली असलेलं. ढोलीतून धूर निघतोय आणि धुरानं सुस्तावलेल्या मधमाश्या इकडेतिकडे भिरभिरतायत. शेजारच्या फांदीवर चिमणीहून थोडं मोठं, मातकट रंगाचं एक पाखरू बसलंय. आफ्रिकेतल्या नियासाच्या रानात त्याला सेगो म्हणतात. सकाळी जुलेकानं घशातून ‘ब्रर्र-हम्’ अशी साद घातली, तेव्हा तोच समोर आला होता. या झाडावरून त्या झाडावर, कलकलत, त्यानं सगळ्यांना या मधापर्यंत आणलं होतं.

झाडाखाली चौघं होती. दहा वर्षांची जुलेका. कुऱ्हाड पुसणारे तिचे वडील, चे अलाबी; ‘चे’ हा तिकडे नावाआधी मानानं लावायचा शब्द. दोन विमानं बदलून या अभयारण्यात आलेली एक पाहुणी. आणि पाहुणीला घेऊन आलेले, ती उतरली होती त्या लॉजचे मॅनेजर, बाल्ताझार.

मध पाहुणीच्या डब्यात गेला. उरलं होतं तळहाताएवढं पोळं, नुसत्या मेणाचं आणि अळ्यांचं, सेगोला आवडतं तसं. चे अलाबींनी एक हिरवं पान तोडून जमिनीवर मांडलं. आधी सेगोचा वाटा पानावर ठेवायचा, मगच झाडाकडे पाठ फिरवायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“तेही टाका डब्यात,” बाल्ताझार म्हणाले. “बाईंना आठवण म्हणून न्यायचंय.”

चे अलाबींचा हात थांबला. “साहेब, तो पाखराचा वाटा आहे.”

“पाखराला काय कळतंय? खाईल दुसरं काहीतरी.”

“वाटा नाही दिला, तर पुढच्या खेपेला ते मधाऐवजी बिबट्यापाशी नेतं.”

“मग तर सोन्याहून पिवळं! पाहुणे बिबट्याच बघायला येतात.” बाल्ताझार स्वतःच्या विनोदावर हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “हंगाम आत्ता कुठे सुरू होतोय, चे अलाबी. वाटाडे मला पैशाला पासरी मिळतील.”

चे अलाबींनी पानाकडे पाहिलं. मग पोळं डब्यात ठेवलं. पाहुणीनं हसून झाकण लावलं.

फांदीवर सेगोनं शेपटी फडकवली.

जुलेका उठली. तिनं पाहुणीच्या हातातून डबा घेतला. हिसकावला नाही, आपली वस्तू परत घ्यावी तसा घेतला. झाकण उघडलं, पोळं काढून पानावर ठेवलं आणि डबा परत दिला.

“ए पोरी! उचल ते!” बाल्ताझार ओरडले.

“नाही उचलणार.”

“आता काय पाखराला पगार द्यायचा?”

“तुम्ही बाईंना इथे आणलंत, त्याचा पगार घेता ना, साहेब?” जुलेका म्हणाली. “तुम्हाला त्यानं आणलं.”

पाहुणीला शब्द कळले नाहीत. पण ती एकदा पानाकडे, एकदा फांदीकडे बघत राहिली.

“अलाबी, पोरीला आवर.” नावाआधीचा मानाचा ‘चे’ बाल्ताझारनी गाळला होता. “नाहीतर उद्यापासून घरी बस.”

चे अलाबी उठले. जुलेकापाशी आले. तिनं मान खाली घातली नाही. त्यांनी वाकून एक खडा उचलला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पानाच्या कडेवर ठेवला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

“उद्याचं उद्या बघू, साहेब. आज गाडीपर्यंत सोडतो. चला.”

ते चालू लागले. त्या रानातून गाडीकडे जाणारी वाट त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती. पाहुणी निघाली. बाल्ताझार पानापाशी घुटमळले, पुटपुटले आणि तेही निघाले.

मध तर मिळालेला होता. आता सेगोकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी चार पावलं जाऊन जुलेका थांबली, मागे वळली आणि छातीत मावेल तेवढा श्वास भरून, पुढे चाललेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशी तिनं साद घातली,

“ब्रर्र-हम्!”