शेठचा काटा

“जित्ता जीव माह्या काट्यावर चढत नसते, देवमन! कायले पाप लावून राह्यला मले?” रिठदचे धान्यवाले शिखरचंद शेठ दोन्ही हात आडवे करून दुकानाच्या दारात उभे राहिले.

देवमनच्या काखेत एक कोकरू, त्याच्या बायकोच्या, भागिरथाच्या काखेत दुसरं. एकाच मेंढीची जुळी. बाप म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात आलेला सरकारी मेंढा. मेंढीला दूध होतं एकापुरतंच. मरतुकडं पिल्लू देवमनने सोडून दिलं, ते भागिरथाने उचललं आणि शेळीच्या दुधावर, बाभळीच्या शेंगांवर वाढवलं. आता कळपात मेंढा म्हणून एकच ठेवायचा. जो भारी भरेल तो. हलका उद्या रिसोडच्या बाजारात, खाटकाकडे. नवरा-बायकोची ही पैज गावभर झाली होती आणि अर्धं गाव मागे लोटलं होतं.

“शेठजी, मोजलं त माहं पिल्लू वाचाची आस तरी हाय,” भागिरथा म्हणाली. “नाई मोजलं त हा माणूस आपलंच खरं करन!”

शेठ बाजूला सरले. दोन पारड्यांत दोन कोकरं बसवली. वजनांचं कामच नव्हतं. कोकरं ओरडत होती, लोक त्यांच्याहून जास्त.

“पाहा आता सरकारी रगताची करामत!” देवमनने मिशीला पीळ दिला.

“रगत त दोघायचंही एकच हाय. वाढते ते पोटात गेल्यानं!” भागिरथा म्हणाली, आणि हशा पिकला.

शेठने पारड्यांखालचे लाकडी ठोकळे काढले. दांडी डुलली, थरथरली, आणि भागिरथाचं पारडं धाडकन खाली!

“अवं माय! माहं बच्चू!” भागिरथा टाळ्या पिटत गरकन फिरली. “यायनं मेलं म्हणून टाकलं होतं! पाहा रे, पाहा!”

“जिकली, भागिरथाकाकू जिकली!” लोकांनी एकच गिल्ला केला.

देवमनचं कोकरू वर अधांतरी लटकलं होतं. ते बारीक आवाजात ओरडलं. खालच्याने मान उंचावून त्याला ओ दिली. भागिरथाच्या टाळ्या थांबल्या. देवमन तर मघापासून वरच बघत होता, त्याची मिशी पार उतरली होती.

“शेठजी,” ती हळूच म्हणाली, “पुन्यांदा पाहा ना.”

शिखरचंद शेठच्या काट्याची लोक पंचक्रोशीत शपथ घेत. मासाभर इकडचं तिकडे होत नसे. शेठने तिच्याकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं. मग वरच्या पारड्याला हात घातला आणि दांडी सरळ होईपर्यंत ते खाली ओढून धरलं.

“बराबर,” ते म्हणाले. “दोनी सारखेच.”

तो हात साऱ्या गावाला दिसत होता. तरी साऱ्यांनी माना डोलावल्या.

“मंग दोनी राह्यतीन!” देवमन घाईघाईने म्हणाला. “शेठचा काटा कंदी खोटं बोलते काय?”