फिक्रीची फूटपट्टी
“गोल अक्षरं रेषेबाहेर गेलीत!” कारखान्याच्या पाटीसाठी काढलेल्या फॉन्टच्या नमुन्यावर फूटपट्टी आपटत फिक्री गुरकावला. अक्षरं घडवणाऱ्या नर्मीनने समजावलं, “गोलाई केसभर मोठीच काढतात. काटेकोर मापात नजरेला खुजी दिसते.” “मी इंजिनिअर आहे, बाई. नजरेच्या गप्पा चित्रकारांना सांगा!” असल्या दीडशहाण्यापुढे डोकं कोण फोडणार? तिने गोलाई पट्टीबरहुकूम छाटली आणि तो टेबलावर विसरून गेलेली पट्टी पर्समध्ये टाकली. कैरोत फिक्रीच्या बिस्किट कारखान्यावर पाटी चढली: ‘वहीबा’, आईचं नाव. पडदा सरकताच म्हातारीने आठ्या घातल्या. “माझ्या नावातली गोल अक्षरं खुजी का रे?” “मापात आहेत, आई! तुझेच डोळे गेलेत.” पाहुण्यांनी सरबताचे पेले खाली ठेवून पाटीकडे माना वळवल्या. नर्मीनने पट्टी पुढे केली. “मोजून दाखवा, इंजिनिअरसाहेब.” फिक्री खरंच शिडी चढला, वरून ओरडला, “बरोब्बर आहे!” “मग तिथेच बस,” म्हातारी म्हणाली. “आम्हाला खालूनच वाचायचंय.”