पडद्यातला कोल्हा

यंदा हॅलोविनला प्लास्टिकचे पोशाख विकत आणायचे नाहीत, घरातले जुने आपसांत बदलायचे, असं गावच्या शाळेत ठरलं. सहाव्या वर्षी वारलेल्या आपल्या लेकीचा, आश्लिंगचा, जुन्या पडद्यातून शिवलेला कोल्ह्याचा पोशाख नोराने तीन वर्षांनी पेटीतून काढला आणि मन घट्ट करून शाळेतल्या अदलाबदलीच्या टेबलावर ठेवला.

"बरं झालं आणलास," शेजारीण ब्रीद म्हणाली. "आमची महाराणी नाहीतर उशीची खोळ घालून हिंडली असती." तिने तो आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, ओर्लाला चढवला. "बघ, मापात बसला."

"अगं, तो सहा वर्षांच्या पोरीचा आहे."

नोराने बाही उलटली. कापड त्याच पडद्याच्या तुकड्यांनी तीनदा वाढवलेलं होतं, नोराच्याच हातच्या टाक्यांनी. पण पडदा तर पोशाख शिवतानाच संपला होता.

"नोरामावशी," ओर्ला हळूच म्हणाली, "हा आतून गरम आहे, कुणी आत्ताच काढल्यासारखा."