शिखरातला कागद

चर्चच्या शिखरावरचा गळका तांब्याचा गोळा पत्रेकाम करणाऱ्या ओटमारने डाख लावायला खाली आणला आणि भर चौकात उघडला, तर आत जर्मन कागद! शिखर बांधलं की आत दोन ओळी ठेवायच्या, ही जर्मन कारागिरांची जुनी रीत. हा गोळा त्याच्या बापानेच बसवलेला. पण आता जर्मनीशी युद्ध पेटलं होतं, आणि त्या अमेरिकन गावात जर्मन नावही खुपत होतं.

“काय लिहिलंय तुझ्या बापाने? वाच!” देशभक्त समितीचा मिलर गरजला. “त्या जर्मन राजाचं, कैसरचं, गुणगान निघालं तर गावाबाहेर हाकलू.”

‘देवा, सांभाळ रे,’ म्हणत ओटमारने इंग्रजीत वाचलं, “राजाच्या फौजेतून पळून इथे आलो. या गावाने आसरा दिला. देव त्याचं भलं करो.”

“मनचं सांगतोस, लेका!” गर्दी अंगावर आली.

“खरं सांगतोय तो,” जन्मभर स्वतःला डच म्हणवणारी मिलरची म्हातारी आई कागद वाचून म्हणाली. “आपणही जर्मनच, बाळा. तुझे वडीलही त्याच फौजेतून पळाले होते.”

गर्दीच्या नजरा मिलरकडे वळल्या. ओटमार पुढे झाला आणि त्या मायलेकांना पाठीशी घालून उभा राहिला.