हिमनदी पाहायला

"सर, बीपी वगैरे आहे का तुम्हाला?" घोड्यावरून उतरता उतरता हर्षलने विचारले.

"सकाळी एक गोळी. बाकी काही नाही." भाड्याचे गमबूट चावत होते, पण या मुलासमोर कुरकुर नको, म्हणून आप्पासाहेब ताठ चालू लागले.

सोनमर्गहून थाजिवासच्या हिमनदीपर्यंत सगळी मंडळी घोड्यांवर आली होती. आता चढ पायी होता. सहलीचा गाईड गोरक्ष, तोही नगरकडचाच. काठीला पिवळा रुमाल बांधून तो ओरडत होता, "रुमाल सोडू नका! बर्फ घरच्या फ्रीजमधी बी हाय, माणूस हरवलं तर घावायचं न्हाई!"

आप्पासाहेबांचे लक्ष बर्फाकडे नव्हते. शेवगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या विधुर शिक्षकाला एकच घोर होता: एकुलत्या एका सृष्टीचे लग्न. पाहण्याच्या कार्यक्रमाचे नाव काढले की ती उठून जाई. तिनेच ही सहल ठरवली. तिच्या ऑफिसातला हर्षल आणि त्याची आईही राहात्याहून येणार आहेत, असे सांगितले. तेव्हा आप्पासाहेब काय ते समजले. विचारले तर बिनसेल, म्हणून गप्प राहिले. सृष्टीने त्यांना नवा स्वेटर घेतला, मिशा कातरून घ्यायला लावल्या. मुलीच्या बापाने नीटनेटके दिसावे, हे योग्यच होते.

नवऱ्यामागे एकटीने पेरूची बाग सांभाळणाऱ्या हर्षलच्या आई, पुष्पावतीबाई, सृष्टीचा हात धरून पुढे चालल्या होत्या. त्यांचे बोलणे वाऱ्याबरोबर मागे येत होते.

"घरी सैपाक कोन करतं गं?"

"दोघं मिळून. भाकरी बाबा करतात. माझ्यापेक्षा गोल."

"अगं बाई!"

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. असे सांगायचे असते का?

"सर, तंबाखू?" हर्षलने पुन्हा सुरू केले. "आणि राग?"

"तंबाखू कधीच नाही. राग शाळेतच ठेवून आलो."

मुलगा चौकस होता. सोयरीक करण्याआधी घर पारखून घेत होता. आप्पासाहेबांना तो आवडला.

हिमनदी समोर आली. करड्या बर्फाखाली पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. टपरीपाशी सृष्टी म्हणाली, "बाबा, चहा तुम्हीच आणा ना."

घसरड्या बर्फावरून तोल सांभाळत त्यांनी चार कपांचा ट्रे आणला. पहिला कप पुष्पावतीबाईंना दिला. त्यांनी कपावरून आप्पासाहेबांकडे नीट पाहिले.

"बूट चावतोय व्हय? चालून दाखवा बरं."

आप्पासाहेब चार पावले चालले. बाई पदराआड हसल्या, मग सृष्टीच्या कानाशी काही बोलल्या. सृष्टीने हर्षलला खूण केली. तो कप ठेवून उठला.

आपणच पुढे होणे बरे, असे आप्पासाहेबांना वाटले. त्यांनी हात जोडले.

"आमचं साधं घर. आम्ही पडलो मुलीकडचे. काही उणंदुणं दिसलं असेल, तर पोटात घाला."

हर्षलने घाईने त्यांचे हात धरले आणि वाकून पायांना स्पर्श केला.

"हात आम्ही जोडायचे, सर. मुलीकडचे आम्ही. आईला तुम्ही पसंत आहात."