नेक्स्ट कुठे आहे?

बटण. बटण. चित्र. बटण.

चहावर धरलेली साय.

‘आता सगळं सोप्पं झालंय हो. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं.’

डावीकडे दहा घरं सोडून समास.

अहो-जाहो.

‘बटण. बटण.’ ही ओळ संगणकाची. जावयाची नजर गेल्यापासून पडद्यावर जे असेल ते संगणक त्याला वाचून दाखवायचा. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं होती तोवर दोघांचं छान जमायचं. पण सर्व्हरची नवी आवृत्ती खिडक्या-चित्रांतून बसवायची होती, आणि कुठल्या बटणावर काय लिहिलंय हे संगणकाला सांगता येईना. बटण, म्हणायचा. बटण. कीबोर्डला त्या खिडक्या दाद देत नव्हत्या. माउसच हवा होता.

सोप्पं झालंय म्हणाले ते साहेब, सकाळी फोनवर. कंपनीची सगळी कामं या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतात, संध्याकाळपर्यंत तो उभा राहिला पाहिजे, असंही म्हणाले. आणि मग अगदी मायेनं, ‘नसेल जमत तर मोकळेपणानं सांगा. काम दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही आराम करा.’

आराम हा शब्द ऐकून जावयानं कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

बायको कामावर गेलेली. घरात फक्त चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई, परतीची पिशवी भरून बसलेल्या.

“आई, जरा येता का? पडद्यावर काय दिसतंय तेवढं सांगाल?”

सासूबाईंनी पदराला चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली. जन्मभर कचेरीत टायपिंग केलेलं. समासाची ओळ त्यांची. इंग्रजी अक्षर न् अक्षर वाचायच्या, अर्थाच्या भानगडीत पडायच्या नाहीत.

“डोंगराचं चित्र आहे. पुढे एक बाई हसत उभी आहे. दात चांगले आहेत हो तिचे.”

“बाई राहू द्या. बटणं सांगा.”

“खाली तीन. बॅक, नेक्स्ट, कॅन्सल.”

“मी माउस हलवतो. बाण नेक्स्टवर आला की सांगा.”

“बरं. उजवीकडे घ्या. अजून. आता खाली. अहो, खाली म्हटलं! पुढे गेलात. मागे या, मागे... अगंबाई, कॅन्सल!”

बोट आधीच दाबलं गेलं होतं. खिडकी नाहीशी झाली. पुन्हा पहिल्यापासून. डोंगर, बाई, दात.

या वेळी नेक्स्ट सापडलं. पुढच्या खिडकीत भलामोठा करार होता.

“वाचू?”

“नको. खाली ‘आय ॲक्सेप्ट’ असेल, त्याच्या शेजारी छोटा चौकोन. तिथे टिचकी मारायची.”

“न वाचता?”

“आई, हे कुणीच वाचत नाही.”

“म्हणूनच जगाचं हे असं झालंय.”

चौकोन तांदळाएवढा. बाण वर गेला, डावीकडे गेला, चौकोनाच्या कडेवरून घसरला. नेक्स्ट फिकंच. जावयाचा तळवा घामानं माउसवरून सटकू लागला. पुन्हा एकदा चुकलं तेव्हा त्यानं हात मांडीवर घेतला.

“राहू द्या आई. कळवतो त्यांना. नाही जमत म्हणून.”

“गप रे. हात दे इकडे.”

असं त्या जावयाला कधी बोलल्या नव्हत्या. दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी त्याचा हात उचलून माउसवर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला. हात कोरडा होता, बोटांची टोकं कडक.

“मी नेते. दाबायचं तेवढं तू दाब.”

बाण सरळ गेला.

“दाब.”

टिक्.

“नेक्स्ट उजळलं बघ.”

फोल्डरचं नाव टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. तो नाव सांगत गेला. कळांचा आवाज एकसारखा, कुठे अडखळणं नाही.

“कळांकडे बघायला लागत नाही तुम्हाला?”

“बघून टाइप करतात ते शिकाऊ.”

मग पासवर्ड आला.

“हा मी टाकतो.”

“टाक. मी तोंड फिरवते.”

“फिरवलंत?”

“फिरवलं म्हटलं ना!”

त्यानं दोनदा टाकला. पडद्यावर तसेही नुसते ठिपकेच उमटतात, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही खरोखर भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्यानंतर हिरवी पट्टी. ती भरेपर्यंत करायचं काहीच नव्हतं.

“किती झाली?”

“मुंगीच्या पावलानं चाललीय.”

“आता?”

“मुंगी दमली वाटतं. नाही, निघाली.”

माउसला हात लावायची गरज नव्हती. सासूबाईंचा हात त्याच्या हातावर तसाच होता.

“फिनिश आलं,” शेवटी त्या म्हणाल्या.

जावयानं काळा पडदा उघडला. सवयीची आज्ञा टाकली. संगणकाला एकदम कंठ फुटला: सर्व्हर सुरू आहे.

त्यानं साहेबांना फोन लावला.

“झालं? वा! एकट्यानं केलंत?”

“नाही. आमच्या आई होत्या.”

“त्यांना म्हणावं, बटणं जरा मोठी करा,” सासूबाई फोनकडे वाकून मोठ्यानं म्हणाल्या. मग उठल्या, पाठ सरळ केली आणि संध्याकाळचा दिवा लावला. “चहा पिणार ना रे?”

सासूबाईंची परतीची गाडी दुपारीच सुटली होती.