जीजीचा चष्मा

या, असे जरा पुढे सरका. सतरंजीवर जागा आहे, आणि पंख्याच्या घरघरीत मागच्यांना काही ऐकू जायचं नाही. कीर्तनकार बुवांना यायला वेळ आहे, तोवर एका विनोदी नटाची गोष्ट सांगते. लांबची नाही, इथलीच, आपल्या इंदूरच्या अन्नपूर्णा भागातली.

"माफी कशाची मागू?" देवेंद्रनं विचारलं. "मी काही केलेलंच नाही."

आपल्या कीर्तन मंडळाच्या कार्यालयात पाच जण त्याच्यासमोर बसले होते. अध्यक्ष शरदचंद्रांनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. पडद्यावर जीजी बोलत होती.

जीजी इंदुरात कुणाला माहीत नाही? लोकल चॅनेलवर दर रविवारी, पोह्यांच्या वेळेला ती यायची. डोक्यावरून पदर, जाड भिंगांचा चष्मा, पुढे आलेले दोन दात. समोर कोणी नगरसेवक नाहीतर भंवरकुआं भागातला कोचिंग क्लासवाला सर उभा आहे असं धरून ती बोलायची. अगदी गोडीत, चहा विचारत. आधी तुम्ही पोट धरून हसायचात, आणि मग कुठेतरी आत बारीकसं टोचायचं. शेवटी ती इंदुरी थाटात 'भैया'चं 'भिया' करून म्हणायची, "भिया, आधी चष्मा पूस, मग मला बघ." की संपलं.

अकरा वर्षं हे चाललं. पडद्यावर शेवटी कलाकाराचं नाव एकच यायचं, देवेंद्र. "आदमीनं म्हातारी करावी तर अशी," लोक म्हणायचे. "हातावरच्या सुरकुत्या बघ यार, मेकअप वाटतच नाही."

शूटिंग घरातच, मागच्या खोलीत व्हायचं. कॅमेरा त्याची बायको तन्वी सांभाळायची. बाकी कुणाला आत मज्जाव. एकादशीला काम बंद. आईचं महूला कीर्तन असलं की त्या दिवशीही बंद, कारण गाडी देवेंद्रच चालवायचा.

आई म्हणजे इंदिराबाई. आपल्या या कीर्तनाच्या गादीवर एकतीस वर्षं उभ्या राहिलेल्या. मला तर जीजी बघताना नेहमी वाटायचं, लेकरानं जन्मापासून आईची कीर्तनं ऐकली, त्याचंच हे फळ.

लग्नात पोरं त्याच्या मागं लागायची, "काका, जीजीचा आवाज काढा ना." तो हसायचा आणि त्यांना आइसक्रीम आणून द्यायचा. त्यानं सांगितलेल्या जोकवर तन्वीसुद्धा हसायची नाही. मोठे कलाकार बाहेर असेच असतात, अशी आम्ही एकमेकांची समजूत घालायचो.

तर त्या आठवड्यात जीजीसमोर एका मंडळाचा अध्यक्ष उभा होता. ती त्याला म्हणाली, "बाळा, पत्रिकेवर तुझा फोटो एवढा मोठा, आणि देव कोपऱ्यात. देवाला सांग, पुढच्या वर्षी निवडणुकीला उभा राहा."

आमच्या मंडळाची पत्रिका तुम्ही पाहिली असेल. शरदचंद्रांचा फोटो त्यात छान आलाय.

"आईसाहेब या गादीवर देवाचं नाव घेतात," शरदचंद्र म्हणाले, "आणि मुलगा साडी नेसून तमाशा करतो. ये सब नहीं चलेगा, देवेंद्रजी. जीजी बंद करा, नाहीतर रविवारी इंदिराबाईंचं इथलं शेवटचं कीर्तन."

"आईची गादी जाणार नाही," देवेंद्र म्हणाला. "आणि जीजी बंद होणार नाही."

"ते कोण ठरवणार?" शरदचंद्रांनी विचारलं.

"ते तिलाच ठरवू द्या," एवढं बोलून तो उठला. जीजीबद्दल बोलला की आईबद्दल, कुणाला कळलं नाही. उद्धट आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

रविवारी हॉल भरला. इंदिराबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पण पायानं धरलेला ठेका सुटायचा नाही. पूर्वरंग असा रंगला की पेटीवाल्याचेही डोळे ओले झाले. मध्यंतराला नेहमीप्रमाणे भजन थांबलं आणि शरदचंद्र हार, बुक्का घेऊन पुढे आले. तुम्हाला रीत ठाऊक आहे. अध्यक्षांनी हार घातल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही.

ते हार हातातच धरून उभे राहिले.

"देवेंद्रजी, पुढे या," ते माइकवर म्हणाले. "आईसमोर, सगळ्यांसमोर सांगा. आजपासून जीजी बंद."

देवेंद्र शेवटच्या रांगेतून उठून पुढे आला. "नाही सांगणार."

"मग इथंच करून दाखवा ती. बघू दे लोकांना, गादीसमोर किती हिंमत होते ते."

"मला येत नाही," देवेंद्र म्हणाला.

हॉलमध्ये हशा पिकला. कोणीतरी मागून शिट्टी मारली. तन्वीनं मान खाली घातली. देवेंद्रच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो जागचा हलला नाही.

इंदिराबाईंनी हातातली झांज पेटीवर ठेवली. देवेंद्रनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

शरदचंद्रांना ते दिसलं आणि त्यांना जोर चढला. ते इंदिराबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही नारदाच्या गादीवर उभ्या आहात. इथून खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आता इथूनच सांगा. ही जीजी कोण लागते तुमची? तिला तुमच्या घरात थारा आहे की नाही?"

हारातली दोन फुलं खाली पडली.

इंदिराबाईंनी पदर डोक्यावर थोडा पुढे ओढला. खालचा ओठ दुमडून घेतला, मान किंचित तिरकी केली, आणि ज्या आवाजावर अख्खं इंदूर रविवारचे पोहे खायचं, त्या आवाजात म्हणाल्या,

"शरद भिया, आधी चष्मा पूस, मग मला बघ."

इंदिराबाईंना कोणी विसरणार नाही. तुम्ही देवेंद्रची आठवण ठेवा. त्याला नक्कल कधीच करता आली नाही.